टिपणीसांचे तेवीसशे बॉम्ब

बडोद्याच्या दांडिया बाजारात राहणाऱ्या लक्ष्मीकांत टिपणीसांनी आयुष्यातली पहिली जाहीर बोंब मारली ती स्वतःच्या लग्नात. पंगत बसली होती, नवी नवरी शालिनी शेजारी मान खाली घालून भाताशी खेळत होती, आणि बोहल्यावरून नुकतेच उतरलेले हे गृहस्थ वाढप्याला थांबवून सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मठ्ठ्यात मीठ नाही. मला फसवलंत तर एकवेळ चालेल, पण या दीडशे माणसांनी काय केलंय?" सासऱ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. मठ्ठ्यात मीठ पडलं. शालिनीताईंनी त्याच दिवशी कानाला खडा लावला की, या माणसाला बोलताना अडवायचं नाही, कारण अडवलं की तो आणखी मोठ्यानं बोलतो.

टिपणीसांचं घराणं जुनं. पणजोबा संस्थानच्या दप्तरात रयतेचे अर्ज लिहून घ्यायचे. त्यांचा पणतू अर्ज घेणाऱ्यांच्या बाजूनं उठून अर्ज करणाऱ्यांच्या बाजूला कधी जाऊन बसला, हे घरात कोणालाच नीट सांगता येत नाही. पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेत त्यांनी पस्तीस वर्षं साहाय्यक म्हणून नोकरी केली आणि तिथल्या प्रत्येक गळक्या नळावर आणि प्रत्येक गैरहजर प्राध्यापकावर कागद केले. त्यांची एक पद्धत होती. आधी पत्र लिहायचं, सभ्य भाषेत. उत्तर नाही आलं तर दुसरं. मग तिसरं, मग चौथं. चौथ्यालाही कोणी दाद दिली नाही तर मग बोंब. पाचवं पत्र त्यांनी जन्मात कोणाला लिहिलं नाही. गल्लीच्या तोंडाशी जो दिवा आज लागतो, तो चार पत्रं आणि एकेचाळीस दिवसांच्या बोंबेनंतर लागलेला आहे, आणि त्याच्या उजेडात उभे राहून लोक टिपणीस फार कटकट्या माणूस आहे असं म्हणतात.

निवृत्त झाल्यावर हा सगळा माल घरात साठायला लागला. सकाळच्या चहाला दूधवाला, दुपारच्या जेवणाला कचऱ्याची गाडी, संध्याकाळी मोकाट गायी. शालिनीताईंनी दोन वर्षं ऐकलं आणि एके दिवशी पोळपाट बाजूला सारून त्या म्हणाल्या, "मला आता नाही फावत हे. बाहेर जाऊन मारा काय मारायची ती बोंब." मुलीनं, म्हणजे मधुवंतीनं, बाबांना नवा फोन दिला आणि त्यावर अमेरिकेतल्या एका बड्या कंपनीच्या जाळ्यात त्यांचं एक पान उघडून दिलं. अर्धं जग ज्या कंपनीच्या कट्ट्यावर बसून बोलतं तीच ती. पानाला नाव दिलं 'आजची बोंब'. रविवारी सुट्टी.

आता इथे एक गोष्ट सांगून ठेवली पाहिजे. लक्ष्मीकांतराव बोलत मराठी, पण लिहीत गुजराती अक्षरांत. वडिलांनी व्यवहाराला बरं म्हणून गुजराती शाळेत घातलं होतं, त्यामुळे देवनागरीत लिहायला गेले की त्यांचा हात अडखळे आणि शब्दांवर रेघ द्यायची राहून जाई. गुजराती अक्षरात मात्र झरझर. गल्लीतल्या त्यांच्या वयाच्या मराठी लोकांचंही तसंच होतं, आणि शेजारच्या शाह-पटेलांनाही वाचून अर्थ लागे. म्हणून 'आजची बोंब' साडेसात वर्षं अस्सल मराठीत, गुजराती अक्षरांत निघत होती. अकरा हजार लोक ती वाचत. कोणाचं काही बिघडलं नव्हतं.

बिघडलं ते बसमुळे.

मधुवंती छत्तीस वर्षांची, एकुलती एक, आईवडिलांजवळच राहणारी. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत झंकार व्हॉल्व्ह्ज म्हणून एक कंपनी आहे, तिथे ती अकरा वर्षं नोकरीला. ती तिथे नेमकं काय करते हे तिच्या वडिलांना अकरा वर्षांत समजलं नव्हतं. कंपनीत पैसे घालणाऱ्या लोकांशी ती इंग्रजीत गोड बोलते एवढं त्यांना ठाऊक होतं, आणि गोड बोलण्याचा पगार मिळतो याचं त्यांना नवल वाटे. कंपनीची बस रोज सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी गल्लीच्या तोंडाशी उभी राही. बारा माणसं वेळेवर चढत. तेरावी मधुवंती. तिची वेणीफणी चाललेली असे, आणि ड्रायव्हर भोंगा वाजवी. एकदा, दोनदा, मग एक लांबलचक. गल्लीतली तान्ही मुलं जागी होत आणि दूध उतू जाई. फक्त समोरच्या घरातले प्रतापराव खूश असत, कारण झंकारचे शेअर बाजारात आले तेव्हा त्यांनी दोनशे घेऊन ठेवले होते आणि त्यांना त्या भोंग्यात प्रगती ऐकू येई.

भोंगा आपल्याच मुलीसाठी वाजतो म्हणून लक्ष्मीकांतराव गप्प बसले असते तर ते टिपणीस कसले. त्यांनी नियमाप्रमाणे कंपनीला पत्र लिहिलं. घरात कोणाला सांगितलं नाही, कारण घरातल्या ओळखीचा फायदा घेणं त्यांना पटत नव्हतं. स्वतः मकरपुऱ्याला जाऊन दरवानाच्या हातात दिलं. मग दुसरं. मग तिसरं आणि चौथं. साधी पोचसुद्धा आली नाही.

याच सुमारास शहराचं डोकं फिरलेलं होतं. वसाहतीतले कंत्राटी कामगार कायम करा म्हणून रस्त्यावर बसले होते, त्यांना नोकरीच्या परीक्षा रखडलेली पोरं येऊन मिळाली, मग ज्यांना त्या दोघांशी काही देणंघेणं नाही असे लोकही येऊन मिळाले. एका रविवारी लहरीपुऱ्यात दगड पडले. दुकानांची शटरं खाली आली, दोन दिवस इंटरनेट बंद. सरकारनं अमेरिकेतल्या बड्या कंपन्यांना कळवलं की तुमच्या जाळ्यातला भडकाऊ मजकूर काढा. कंपन्यांनी माणसं नेमली नाहीत. त्यांनी यंत्राला सांगितलं की आता जरा कडक बघ. यंत्र काय, हुकमाचं ताबेदार. ते बघायला लागलं.

आणि पुढच्या आठवड्यातल्या सोमवारी रात्रीच्या जेवणाला मधुवंती बोलून गेली की बुधवारी सकाळी दहाला सिंगापूरहून पाहुणे येणार आहेत, मोठे गुंतवणूकदार, शहरात गडबड चाललेली असताना ते येतायत हेच खूप, आणि हे कुठे बोलायचं नाही. लक्ष्मीकांतरावांनी भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला. चार पत्रं झालेली होती. बोंब मारायची ती ऐकणारं कोणी असेल तेव्हा, हे त्यांचं जुनं मत होतं. पोरीला जरा लाज वाटेल, कंपनी जरा वरमेल, भोंगा बंद होईल, एवढाच त्यांचा हिशेब. त्यात थोडा खोडसाळपणा होता हे त्यांनी पुढे स्वतःच कबूल केलं.

मंगळवारी दुपारी पानावर आलं: "उद्या बुधवारी सकाळी दहा वाजता मकरपुऱ्यात झंकार व्हॉल्व्ह्जच्या दारात मोठी बोंब मारणार. बाहेरचे पाहुणे येणार आहेत. सर्वांनी टायमसर हजर राहावे."

यंत्रानं अक्षरं पाहिली. अक्षरं गुजराती, म्हणजे भाषा गुजराती. गुजरातीत ओरडण्याला म्हणतात बूम. बोंब हा गुजरातीत एकाच गोष्टीचा उच्चार आहे, आणि ती गोष्ट फुटते.

पोलीस पाच वाजता आले. चहा नको म्हणाले आणि लक्ष्मीकांतरावांना ठाण्यावर घेऊन गेले.

ठाण्यातले निरीक्षक उदयसिंहराव मोहिते बडोद्याचेच, घरात मराठी बोलणारे. त्यांच्यासमोर इंग्रजीतून आलेला कागदांचा गठ्ठा होता आणि ते ओठ घट्ट दाबून तो वाचत होते. आधी लक्ष्मीकांतरावांना वाटलं साहेब संतापलेत. मग त्यांच्या लक्षात आलं की साहेबांना हसू आवरत नाहीये.

"काका, बसा," मोहिते म्हणाले. "अमेरिकेहून कळवलंय की तुम्ही साडेसात वर्षांत या शहरात तेवीसशे बॉम्ब जाहीर केलेत."

"तेवीसशे सहा," लक्ष्मीकांतराव म्हणाले. आकडा चुकीचा असलेला त्यांना चालत नसे.

"तारीखवार यादी आहे. ऐका. 'दांडिया बाजारात गटाराचा बॉम्ब.' 'पादरा गावाहून आलेल्या वांग्यांत किडीचा बॉम्ब.' 'नव्या रस्त्याला सहा महिन्यांत भेगा, त्याबद्दल मोठा बॉम्ब.' आणि हा बघा, 'आज बॉम्ब नाही, प्रकृती बरी नाही.'" इथे मोहित्यांचा धीर सुटला आणि त्यांनी कागदांनी तोंड झाकून घेतलं.

"तुम्हाला कळतंय ना मग? सोडा मला."

"मला कळतंय हो. माझ्या कागदाला कळत नाहीये. कागदावर बॉम्ब आहे. म्हणजे गुजराती माणूस बूम मारतो, आपण बोंब मारतो, आणि इंग्रजीत गेलं की दोन्ही फुटतात. आता मला लेखी जबाब लागणार की बोंब म्हणजे काय."

बोंब म्हणजे काय हे लिहून सांगणं कठीण. लक्ष्मीकांतराव दोन वाक्यं लिहीत आणि खोडत. शेवटी ते उठून उभे राहिले, होळीला मारतात तशी उजव्या हाताची पालथी मूठ तोंडावर आपटली आणि अडुसष्ट वर्षांच्या फुप्फुसांत जेवढी हवा होती तेवढी बाहेर सोडली. बाहेरच्या ओट्यावर बसलेला हवालदार काठी घेऊन धावत आला. कोठडीतल्या एका पाकीटमाराला काय वाटलं कोण जाणे, त्यानंही आतून साथ दिली. मोहित्यांनी जबाबात लिहिलं: "सदर इसमाने प्रात्यक्षिक करून दाखवले. स्फोटक पदार्थ आढळला नाही."

सात वाजता ते घरी परतले, पोलिसांच्या जीपमधून, पुढच्या सीटवर बसून. इथपर्यंत ते मजेत होते. शालिनीताईंना त्यांनी जिन्यातच सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "एकूण अनुभव चांगला होता."

पण बोंब तोवर बडोदं सोडून गेली होती. जगातल्या बातम्या चाळून गुंतवणूकदारांना धोक्याचे इशारे देणाऱ्या काही कंपन्या असतात, त्यांतल्या एकीनं तो इंग्रजी तर्जुमा उचलला होता. शहरात दगडफेक, कामगारांचं आंदोलन, आणि आता नाव घेऊन, वेळ देऊन, पाहुण्यांचा उल्लेख करून बॉम्ब. सिंगापूरचे पाहुणे अहमदाबादेच्या हॉटेलातून पुढे आले नाहीत आणि बुधवारी संध्याकाळच्या विमानानं परत गेले. झंकारचा शेअर त्याच सकाळी सव्वानऊला उघडला आणि साडेनऊला खालच्या सर्किटला, म्हणजे एका दिवसात त्याहून खाली जाता येत नाही अशा भावाला, जाऊन बसला. विकणारे रांगेत, घेणारा एक नाही. गुरुवारी पुन्हा तेच. प्रतापराव गॅलरीत येऊन टिपणीसांच्या खिडकीकडे नुसते बघत उभे राहिले. त्यांना बोंब मारायची सवय नव्हती, नाहीतर त्यांनी त्या दिवशी मारली असती.

'आजची बोंब' पान बंद झालं होतं. फोनवर एक सभ्य पत्र आलं: आपला मजकूर आमच्या नियमांत बसत नाही. फेरविचार हवा असल्यास कारण निवडा. कारणं तीन होती. एक, हा विनोद होता. दोन, मी निषेध म्हणून दुसऱ्याचे शब्द दिले. तीन, हे खातं माझ्या नकळत दुसऱ्यानं वापरलं. 'तुम्हाला मराठी येत नाही' हे कारण यादीत नव्हतं. लक्ष्मीकांतरावांनी मन घट्ट करून विनोदावर बोट ठेवलं. चार सेकंदांत उत्तर आलं की आम्ही काळजीपूर्वक तपासलं, निर्णय कायम आहे.

"चार सेकंदांत," ते शालिनीताईंना म्हणाले. "तू मला नाही म्हणायला सुद्धा याहून जास्त वेळ घेतेस."

त्यांनी चार वेळा फेरविचार मागितला. चारही वेळा तेच पत्र. चौथ्यानंतर पद्धतीप्रमाणे बोंब मारायची, पण मारणार कोणाच्या दारात? दार नव्हतं, दरवान नव्हता, फोन उचलणारी कंटाळलेली बाईसुद्धा नव्हती. आणि गंमत अशी की त्याच जाळ्यात तलवारी नाचवत, गाण्याच्या तालावर, लहरीपुऱ्यात कोणाकोणाला बघून घेऊ असं सांगणारी पोरं खुशाल फिरत होती, कारण ती 'बघून घेऊ' म्हणत होती आणि बघण्यावर यंत्राचा काही आक्षेप नव्हता. लक्ष्मीकांतराव बुधवारी संध्याकाळी पहिल्यांदा खचले. ऐकून न ऐकल्यासारखं करणारे साहेब त्यांनी पन्नास पाहिले होते, पण त्या साहेबांना निदान कान होते.

गुरुवारी संध्याकाळी मधुवंती घरी आली ती चपला न काढताच खुर्चीत बसली. पाहुणे येणार ही गोष्ट कंपनीत सहा जणांना माहीत होती, आणि ती कोणाच्या घरातून फुटली हे मालकांना कळायला फार वेळ लागला नव्हता. मालक पीयूषभाई वाईट माणूस नव्हते. त्यांनी एक तोड काढली होती. शुक्रवारी सिंगापूरच्या लोकांशी पडद्यावर बैठक होती. काकांनी तिथे यायचं आणि एका पत्रावर सही करायची. मधुवंतीनं पत्र वाचून दाखवलं, कोणाकडेही न बघता. वाढत्या वयामुळे माझी मनःस्थिती स्थिर नसते, मी काय लिहितो याचं मला भान राहत नाही, झाल्या प्रकाराचा कंपनीशी किंवा शहरातल्या आंदोलनाशी काही संबंध नाही.

"आणि सही केली तर?" लक्ष्मीकांतरावांनी विचारलं.

"तर माझी नोकरी राहील. शिवाय तुमचं पान उघडून देतील. आमच्या जाहिराती त्या अमेरिकन कंपनीकडे जातात ना, त्यामुळे आमच्यासाठी तिथे एक माणूस असतो. बोलणारा."

"माणूस आहे तिथे?"

"जाहिरात देणाऱ्यांसाठी आहे."

"आणि सही नाही केली तर?"

मधुवंतीनं पत्राची घडी घातली. ती आत गेली. शालिनीताई म्हणाल्या, "चाळीस वर्षं मी सांगतेय की तुमचं डोकं ठिकाणावर नाही, तेव्हा कोणी लिहून घेतलं नाही." मग त्यांनाच ते बोलणं जड गेलं आणि त्या उगाचच गॅसची शेगडी पुसायला लागल्या.

लक्ष्मीकांतराव खिडकीत बसून राहिले. टिपणीस कटकट्या आहे, किरकिऱ्या आहे, सगळीकडे नाक खुपसतो, हे सगळं गल्ली म्हणायची आणि त्यांना ते मान्य होतं. पण टिपणीस खोटं बोलतो असं कोणी म्हटलं नव्हतं. या कागदावर सही केली की तो गल्लीचा दिवासुद्धा एका वेड्यानं बडबडत लावलेला ठरणार होता. तेवीसशे सहाच्या तेवीसशे सहा बोंबा एका सहीत जाणार. त्यांना फार वाईट वाटलं. आणि तरी पोर अकरा वर्षं घासून त्या खुर्चीपर्यंत पोचली होती, आणि ती खुर्ची त्यांनी एका भोंग्यापायी हलवली होती. त्यांनी जुन्या वहीच्या मागच्या पानावर इंग्रजीतली सही गिरवून पाहिली, कारण इंग्रजीत सही करून बरीच वर्षं झाली होती.

शुक्रवारी मकरपुऱ्याला झंकारच्या वरच्या मजल्यावरच्या थंडगार खोलीत पीयूषभाईंनी त्यांना हात धरून बसवलं. "बेसो काका, बेसो. चा पियो. कशुं टेन्शन नहीं." समोर भिंतीएवढा पडदा. पडद्यावर तिघं जण, मध्ये पांढऱ्या केसांच्या एक बाई. टेबलावर पत्र. पत्रावर पेन.

पीयूषभाईंनी इंग्रजीत प्रस्तावना केली. शहर शांत आहे, कंपनी भक्कम आहे, झाला प्रकार एका वयोवृद्ध गृहस्थाच्या आजारपणातून झाला, ते गृहस्थ इथे हजर आहेत. मग त्यांनी मधुवंतीकडे पाहिलं. पुढचं तिनं बोलायचं असं ठरलं होतं. लक्ष्मीकांतरावांनी पेनाचं टोपण काढलं.

मधुवंतीनं वडिलांच्या हाताखालचं पत्र ओढून घेतलं आणि स्वतःच्या फायलीखाली सरकवलं. ती इंग्रजीत बोलली आणि लक्ष्मीकांतरावांना शब्द न् शब्द कळला, कारण ती फार सावकाश बोलत होती. "हे माझे वडील. यांचं डोकं ठिकाणावर आहे. यांनी लिहिलेल्या शब्दाचा अर्थ बॉम्ब नाही, आरडाओरडा असा आहे. आमच्या बसच्या भोंग्याबद्दल यांनी कंपनीला चार पत्रं लिहिली होती. ती चारही माझ्याकडे आली आणि चारही मी कपाटात टाकून दिली. उत्तर मिळालं असतं तर ते ओरडले नसते. आजारी कोणी नाही. चूक माझी आहे."

पीयूषभाईंचा कप बशीवर जरा जोरात टेकला.

लक्ष्मीकांतराव पडद्याला विसरले, सिंगापूरला विसरले. "चार पत्रं?" ते मराठीत म्हणाले. "तुझ्याकडे होती?"

"कंपनीला बाहेरून आलेलं प्रत्येक पत्र आधी माझ्याच टेबलावर येतं, बाबा. तेच माझं काम आहे."

"मग पोच तरी द्यायचीस. चार महिने मी दरवानाला विचारतोय."

"काय पोच देऊ? 'आपली कर्मचारी कुमारी मधुवंती हिला वेणीफणीला चाळीस मिनिटे लागतात, तरी तिला योग्य ती समज द्यावी.' चारही पत्रांत हेच. त्याला मी कंपनीच्या कागदावर, माझ्याच सहीनं उत्तर देऊ?"

"खोटं होतं का ते?"

"खोटं कुठे म्हणतेय मी?"

पडद्यावरच्या बाईंनी हात वर करून विचारलं की काय चाललंय. पीयूषभाई घाईघाईनं काहीतरी सांगायला लागले, पण बाईंनी मधुवंतीकडे बोट केलं. मधुवंतीनं सांगितलं, काहीही न वगळता, चाळीस मिनिटंसुद्धा. बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग त्यांनी चष्मा काढला आणि इतक्या हसल्या की शेजारच्यानं त्यांच्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला. दुसऱ्या बाजूचा तरुण मात्र हसला नाही, मान हलवत राहिला, बहुधा त्याच्या घरी असाच एक बाप असावा.

हसून झाल्यावर बाईंनी एकच प्रश्न विचारला, आणि तो विचारताना त्या अजिबात हसत नव्हत्या. अशी उत्तरं न दिलेली आणखी पत्रं कंपनीच्या कपाटात आहेत का?

पीयूषभाईंनी मधुवंतीकडे पाहिलं. आयुष्यात त्यांनी कोणत्याही कर्मचाऱ्याकडे इतक्या आशेनं पाहिलं नसेल.

"नाहीत," ती म्हणाली. "फक्त ही चार. बाकी प्रत्येक पत्राला उत्तर गेलेलं आहे, हवं तर पाहा."

त्यांनी खरंच पाहिलं. दुपारभर फायली पडद्यावर दाखवणं चाललं. संध्याकाळी निरोप आला की चौदा तारखेला आम्ही बडोद्याला येतोय, आणि जमल्यास त्या बॉम्बवाल्या गृहस्थांना भेटायचं आहे. सोमवारी शेअर खालच्या सर्किटावरून उठला, धडपडत का होईना, आणि प्रतापराव गॅलरीतून पहिल्यांदा 'केम छो' म्हणाले. पान मात्र उघडलं नाही. सही झाली नव्हती, त्यामुळे जाहिरातवाल्यांच्या त्या माणसाला कोणी निरोप दिला नाही, आणि यंत्र आपल्या निर्णयावर कायम आहे. पीयूषभाईंनी बैठक संपल्यावर ते पत्र फायलीखालून काढलं, नीट घडी घातली आणि खिशात ठेवलं. "कोई दिवस काम लागशे," ते म्हणाले, म्हणजे कधीतरी उपयोगी पडेल. मग मधुवंतीला म्हणाले, "बेन, नोकरी छे. पण हवे एक पण कागळ दबाववानो नहीं. बापनो होय तो पण नहीं." म्हणजे नोकरी राहिली, पण यापुढे एकही पत्र दाबायचं नाही, बापाचं असलं तरी.

पण हे सगळं नंतरचं. त्या शुक्रवारी फायली दाखवायला सुरुवात होण्याआधी अर्धा तास जेवणाची सुट्टी होती, आणि बापलेक कंपनीच्या कॅन्टीनमध्ये समोरासमोर बसले होते. ताटात शाक, रोटली आणि पातळ कढी. कढीत साखर जास्त होती. लक्ष्मीकांतराव त्याबद्दल काही बोलले नाहीत, तेव्हा मधुवंतीला खरी काळजी वाटली.

"माझी खोली तुमच्या खोलीपासून तेरा पावलांवर आहे, बाबा," ती म्हणाली. "तुम्ही पत्र द्यायला मकरपुऱ्याला आलात. चार वेळा. रिक्षानं."

"तुला सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस?"

"नसतंच ऐकलं. पण मला सांगायचं होतं."

ते रोटलीचा तुकडा मोडत राहिले. आजूबाजूला कामगार ताटं आपटत होते आणि कोणीतरी मोठ्यानं क्रिकेटचा स्कोअर सांगत होतं.

"त्या कागदावर तुम्ही खरंच सही करणार होतात?" तिनं विचारलं.

"टोपण काढलं होतं मी पेनाचं."

"वेडे ठरला असतात. सगळ्या गावात. इतक्या वर्षांच्या सगळ्या बोंबा फुकट गेल्या असत्या."

लक्ष्मीकांतरावांना खूप काही म्हणायचं होतं. ताटाकडे बघत ते अगदी हळू म्हणाले, "त्या सगळ्यांहून तू मोठी आहेस."

"काय म्हणालात?" मधुवंती पुढे वाकली. शेजारच्या टेबलावर चौकार गेल्याचा गलका झाला होता. आयुष्यात पहिल्यांदाच लक्ष्मीकांत टिपणीसांचं बोलणं समोरच्या माणसापर्यंत पोचलं नव्हतं, आणि त्यांनी ते पुन्हा सांगितलं नाही.